चुकीच्या चकतीवर पडलेली नाणी : ओळख आणि पारख

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड या गावी १९४७ साली एका शाळकरी मुलाला शाळेच्या उपाहारगृहात मिळालेल्या सुट्या पैशांत एक तांबूस सेंट आढळला. त्यावरील साल होते १९४३. एरवी सेंट तांबूसच असतो, त्यामुळे रंगात वावगे काही नव्हते. परंतु १९४३ मध्ये युद्धसाहित्यासाठी तांब्याची बचत करण्याकरिता अमेरिकी सरकारने सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले होते. मुलाने सरकारी खात्याकडे विचारणा केली. त्या वर्षीचे सर्व सेंट पोलादाचेच आहेत, असे उत्तर त्याला मिळाले. त्याने ते नाणे जन्मभर सांभाळले आणि जानेवारी २०१९ मध्ये लिलावात त्याला २ लाख ४ हजार डॉलर किंमत आली.

टाकसाळीच्या यंत्रात ज्या धातूची किंवा ज्या आकाराची चकती जायला हवी, तिच्याऐवजी दुसरीच चकती गेली आणि तिच्यावर ठसा उमटला, तर तयार होणाऱ्या नाण्याला नाणकशास्त्रात चुकीच्या चकतीवरचे नाणे म्हणतात. नाण्यांमधील सर्व चुकांत हा प्रकार संग्राहकांना विशेष प्रिय आहे आणि फसवणूक करणाऱ्यांनाही तितकाच. कारण धातूचा रंग बदलणे हे घरगुती मुलाम्याच्या साहित्यानेही जमते. अस्सल नमुन्याची किंमत लाखांत आणि नकलीची किंमत दर्शनी मूल्याइतकी, अशी स्थिती असल्याने या नाण्यांची पारख हा हौसेपुरता विषय राहत नाही.

पारख हा शब्द मराठीला नवा नाही. मराठेशाहीत सरकारी भरण्यात येणारी नाणी तपासण्यासाठी पोतदार नेमलेला असे. वजन, कस आणि नाद यांवरून तो नाणे ठरवी आणि कमी प्रतीच्या नाण्यावर बट्टा आकारला जाई. आजच्या तपासणीत इलेक्ट्रॉनिक तराजू आणि क्ष-किरण आले असले, तरी तिचा गाभा तोच आहे. फरक इतकाच, की पोतदाराला 'हे नाणे पुरे आहे का' एवढेच पाहायचे असे. चुकीच्या चकतीचे नाणे तपासणाऱ्याला आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते : त्या वर्षी, त्या टाकसाळीत, या धातूची, या वजनाची आणि या व्यासाची चकती कशासाठी तयार केलेली होती? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर नाणे कितीही विलक्षण दिसो, त्याच्याकडे संशयानेच पाहावे लागते.

चूक होते कशी?

नाण्याचा जन्म धातूच्या पट्ट्यापासून होतो. ठरलेल्या जाडीपर्यंत लाटलेल्या पट्ट्यातून गोल चकत्या कापल्या जातात, भट्टीत तापवून मऊ केल्या जातात, धुऊन वाळवल्या जातात आणि एका यंत्रातून फिरवून त्यांची कड किंचित उचलली जाते. अशी तयार कोरी चकती दाबयंत्रात येते. तेथे ती एका पोलादी कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये बसते. खालच्या आणि वरच्या ठशांच्या मध्ये दाबली जाते आणि एकाच आघातात दोन्ही बाजूंची चित्रे उमटतात. दाबाखाली धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, कड्याला जाऊन भिडतो आणि कड्याच्या आतील बाजूस खाचा असतील तर नाण्याच्या कडेवर त्या उमटतात.

या प्रवासात चकत्या मोठमोठ्या पेट्यांमधून एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात. पेटीच्या तळाशी, झडपेच्या फटीत किंवा यंत्राच्या पुरवठा-नळीत आधीच्या कामाची एखादी चकती अडकून राहते आणि काही दिवसांनी नव्या चकत्यांबरोबर सुटून पुढे जाते. एकाच टाकसाळीत अनेक मूल्यांची, कधी परदेशांसाठीचीही नाणी पाडली जात असतील, तर अशा गफलतीची शक्यता वाढते. धातू बदलण्याचा काळ त्याहून धोक्याचा असतो, कारण जुन्या आणि नव्या चकत्यांचा व्यास सारखाच असल्याने यंत्राला फरक कळत नाही. अशा संक्रमणकाळातील नाण्यांनाच संग्राहकांमध्ये सर्वाधिक मान आहे.

येथे एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लहान चकती मोठ्या कड्यात सहज शिरते, मोठी चकती लहान कड्यात सहसा बसत नाही. त्यामुळे चुकीच्या चकतीवरची बहुतेक अस्सल नाणी एक तर योग्य आकाराची पण वेगळ्या धातूची असतात किंवा हव्या त्यापेक्षा लहान असतात. मोठ्या चकतीवर लहान मूल्याचे नाणे अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत, कडे खाली अडकलेले असतानाच पडू शकते. असे नाणे विकायला आले, तर आधी शंका घ्यावी.

या प्रकाराशी गल्लत होणारा दुसरा प्रकार म्हणजे ठशांची चुकीची जोडी. त्याचे एक ठळक उदाहरण भारतातच घडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोलकात्याच्या टाकसाळीत ऑस्ट्रेलियासाठी अर्ध्या पेनीची नाणी पाडली जात होती. १९१६ सालच्या काही मोजक्या नाण्यांवर एका बाजूला ऑस्ट्रेलियाच्या अर्ध्या पेनीचा ठसा आणि दुसऱ्या बाजूला भारतीय पाव आण्यावरचा पंचम जॉर्जचा ठसा उमटला. ही चूक १९६५ मध्ये उजेडात आली. येथे ठसा चुकला. चकतीच्या चुकीत दोन्ही ठसे योग्य जोडीचेच असतात, फक्त त्यांच्याखाली आलेला धातू परका असतो.

१९४३चा तांब्याचा आणि १९४४चा पोलादाचा सेंट

या विषयातील जवळजवळ सगळे धडे एका जोडीतून शिकता येतात. १९४२ पर्यंत अमेरिकी सेंट ब्राँझचा होता. त्याचे प्रमाण वजन ३.११ ग्रॅम आणि व्यास १९ मिलिमीटरच्या किंचित वर होता. १९४३ मध्ये फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन टाकसाळींनी मिळून सुमारे १०९ कोटी पोलादी सेंट पाडले. त्यांचे वजन सुमारे २.७ ग्रॅम. लोकांना ते आवडले नाहीत. चकचकीत असताना दहा सेंटच्या नाण्याशी गल्लत होई आणि पुढे ते गंजत. १९४४ मध्ये सरकार पुन्हा तांब्याच्या मिश्रधातूकडे वळले.

१९४२ च्या काही उरल्यासुरल्या ब्राँझच्या चकत्या पेट्यांच्या झडपांत अडकून १९४३ मध्ये पोलादी चकत्यांसोबत दाबयंत्रात गेल्या, असे या चुकीचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. तिन्ही टाकसाळींचे मिळून असे वीस-पंचवीस सेंटच ज्ञात आहेत. डेन्व्हरचा तर एकच आहे आणि २०१० मध्ये तो १७ लाख डॉलरना विकला गेला. असा सेंट आणून देणाऱ्याला मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड नवी कोरी मोटार देणार, अशी अफवा एके काळी अमेरिकेत पसरली होती. त्या अफवेने कित्येकांना आपापली गल्ल्यातील चिल्लर तपासायला लावले आणि काहींना नकली सेंट बनवायलाही.

नकली सेंटचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला, अस्सल पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवणे. हा चुंबकापुढे टिकत नाही. पोलाद चुंबकाला चिकटते, ब्राँझ चिकटत नाही. दुसरा प्रकार अधिक चतुर आहे : १९४८ चा अस्सल ब्राँझचा सेंट घ्यायचा आणि ८ या आकड्याची डावी बाजू खरवडून त्याचा ३ करायचा. येथे चुंबक निरुपयोगी आहे, वजनही बरोबर भरते. मात्र १९४३ च्या अस्सल सेंटवरील ३ चे शेपूट लांब असून ते इतर आकड्यांच्या तळरेषेच्या खाली उतरते. ८ कापून केलेल्या ३ ला तसे शेपूट येत नाही आणि भिंगाखाली खरवडल्याच्या खुणाही दिसतात. तुलनेसाठी त्याच वर्षाचा साधा पोलादी सेंट शेजारी ठेवावा. तो स्वस्तात मिळतो, आणि ठसा एकाच घडणीचा असल्याने दोहोंवरील आकडे तंतोतंत जुळायला हवेत.

अस्सल नाण्याची आणखी एक खूण जाणकार सांगतात. त्या वर्षी यंत्रांचा दाब पोलादासारख्या कठीण धातूच्या हिशेबाने लावलेला होता. त्याच्या आघाताखाली मऊ ब्राँझ आली की चित्र आणि विशेषतः कडेचा काठ विलक्षण ठसठशीत उमटे. मुलाम्याच्या नाण्यावर नेमके उलटे घडते : मुलाम्याचा थर बारीक रेषा बुजवतो आणि अक्षरांच्या कडा गोलसर होतात.

१९४४ ची चूक ही या गोष्टीची आरशातील प्रतिमा आहे. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने मुक्त झालेल्या बेल्जियमसाठी दोन फ्रँकची अडीच कोटी नाणी पाडली आणि त्यासाठी १९४३ च्या उरलेल्या पोलादी चकत्याच वापरल्या. त्यांतील काही चकत्या सेंटच्या यंत्रात गेल्या. तांब्याच्या वर्षात पोलादी सेंट जन्मले. येथे चुंबकाचा कौल उलटा वाचायचा : १९४४ चा अस्सल पोलादी सेंट चिकटलाच पाहिजे, आणि चिकटला नाही तर तो साध्या सेंटवर जस्ताचा थर दिलेला नकली नमुना होय. बेल्जियमच्या नाण्याचा हा तपशील माहीत नसेल, तर फिलाडेल्फियात १९४४ साली पोलादी चकत्या कशासाठी होत्या, हे कोडेच राहील. चकतीचा माग काढणे म्हणतात ते हेच.

१९४३ चा आणखी एक प्रकार नवशिक्याला चकवतो. त्या वर्षीचे काही सेंट दहा सेंटच्या, म्हणजे चांदीच्या चकतीवर पडलेले आहेत. रंग पांढराच असल्याने ते पोलादी सेंटसारखे दिसतात. पण त्यांचे वजन २.५ ग्रॅम असते, व्यास कमी असतो आणि चुंबक त्यांना ओढत नाही. खिशातून सहज निसटून जाण्याजोगी ही चूक आहे.

एकाच वर्षी दोन्ही धातू अधिकृत असतील तर?

धातू वेगळा म्हणजे चूक, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. बदलाच्या वर्षी सरकार स्वतःच दोन्ही धातूंची नाणी पाडते. भारतात १९६२ चा एक नया पैसा ब्राँझचाही आहे आणि निकेल-पितळेचाही. दोन्ही अधिकृत आहेत. एक तपकिरी आणि एक पिवळसर दिसतो म्हणून पिवळ्याला 'दुर्मीळ चूक' ठरवून विकणारे लोक आहेत. खरेदीपूर्वी नाणेसूची उघडून पाहणे एवढाच त्यावर उपाय.

अमेरिकेत १९८२ मध्ये सेंट ३.११ ग्रॅमच्या तांबेप्रधान मिश्रधातूतून तांब्याचा थर असलेल्या २.५ ग्रॅमच्या जस्ताकडे गेला. त्या वर्षी सालाचे आकडेही दोन आकारांचे होते. त्यामुळे टाकसाळ, धातू आणि आकड्यांचा आकार यांनुसार त्या वर्षीचे सात अधिकृत प्रकार संग्राहक मोजत. डेन्व्हरच्या टाकसाळीचा लहान आकड्यांचा सेंट मात्र केवळ जस्ताचाच होता. २०१६ मध्ये एका संग्राहकाला नेमका तसाच सेंट तांबेप्रधान चकतीवर सापडला. रंगात काहीही फरक नव्हता, कारण जस्ताच्या सेंटवरही तांब्याचाच थर असतो. तराजूवर ते नाणे ३.१ ग्रॅम भरले नसते, तर चौतीस वर्षे जसे कोणाच्या लक्षात आले नाही तसे पुढेही आले नसते.

तराजू, मापक, चुंबक, पाणी

म्हणून पहिले साधन तराजू. किराणा दुकानातला नव्हे, तर एक ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, सराफाकडे असतो तसा. तपासणीपूर्वी तो प्रमाण वजनाने किंवा निदान त्याच प्रकारच्या पाच-सहा साध्या नाण्यांनी पडताळून घ्यावा. प्रत्येक नाण्याच्या वजनात थोडी सूट असतेच. अमेरिकी ब्राँझच्या सेंटला ती ०.१३ ग्रॅम अधिक-उणे इतकी होती. झिजलेले नाणे आणखी थोडे हलके भरते. तेव्हा वजन शंभर टक्के जुळायला हवे असा आग्रह धरू नये. मात्र ते एखाद्या ज्ञात चकतीच्या मर्यादेत पडायलाच हवे. दोन ज्ञात वजनांच्या बरोबर मध्ये पडणारे नाणे बहुधा आम्लात बुडवलेले, घासलेले किंवा मुलामा दिलेले असते. याला एक अपवाद आहे. योग्य धातूचा पट्टा चुकीच्या जाडीत लाटला गेला असेल, तर व्यास आणि धातू बरोबर असूनही वजन भलतेच येते. अमेरिकेत १९७० सालचे काही पाव डॉलर दहा सेंटच्या पातळ पट्ट्यातून कापलेल्या चकत्यांवर पडलेले आहेत.

वजनानंतर व्यास आणि जाडी. त्यासाठी व्हर्निअर कॅलिपर पुरतो, मात्र त्याचे जबडे नाण्यावर घट्ट आवळू नयेत.

चुंबक स्वस्त आणि झटपट निर्णय देणारा असला, तरी त्याची भाषा नीट समजून घ्यावी लागते. पोलादाप्रमाणे शुद्ध निकेलही चुंबकाकडे ओढले जाते. १९४७ चा भारतीय रुपया निकेलचा आहे, प्रजासत्ताकाच्या आरंभीचा रुपयाही निकेलचाच आहे आणि हे दोन्ही चुंबकाला चिकटतात. उलट पंचाहत्तर टक्के तांबे आणि पंचवीस टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची, म्हणजे क्युप्रोनिकेलची नाणी दिसायला तशीच पांढरी असूनही चिकटत नाहीत. रंग तोच, नाव जवळपास तेच आणि वागणूक मात्र भिन्न.

जेथे वजन आणि व्यास दोन्ही सारखे असतात, तेथे घनता कामी येते. नाण्याचे वजन आधी हवेत आणि मग दोऱ्याने टांगून पाण्यात करायचे. हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागले की घनता मिळते. भारतीय रुपयाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून रुपयातील चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, पण वजन ११.६६ ग्रॅमच राहिले. तराजूवर दोघे सारखेच. पाण्यात मात्र जुन्या रुपयाचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटेल, तर नव्याचे सुमारे १.२२ ग्रॅमने. हा फरक साध्या सराफी तराजूवर पकडता येतो. सेंटसारख्या लहान नाण्यात ही पद्धत तेवढी खात्रीची नाही. ब्राँझच्या सेंटचे वजन पाण्यात जेमतेम ०.३५ ग्रॅमने घटते आणि त्यात ०.०१ ग्रॅमची चूक झाली तरी घनतेचे उत्तर तीन टक्क्यांनी हलते. त्यावरून ब्राँझ आणि पोलाद वेगळे ओळखता येतील, ब्राँझ आणि क्युप्रोनिकेल नाही.

धातूचे नेमके प्रमाण सांगते ते क्ष-किरण प्रस्फुरणाचे उपकरण. नाण्यावर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत टाकते आणि त्यावरून घटकांची टक्केवारी कळते. सोन्याचा कस पाहण्यासाठी हे यंत्र आता अनेक सराफी पेढ्यांवर असते. नाण्याला इजा होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण हे किरण पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातूनच माहिती आणतात. जाड मुलामा दिलेल्या नाण्यावर यंत्र मुलाम्याचाच धातू दाखवते. यंत्राचा छापील अहवाल दाखवून नाणे अस्सल असल्याचा दावा कोणी करत असेल, तर त्यासोबत वजन आणि घनता मागावी. तीनही एकमेकांशी जुळले, तरच अहवालाला अर्थ आहे.

कड बोलते

उपकरणांइतकेच महत्त्व भिंगाला आहे आणि भिंगाखाली सर्वांत आधी पाहायची ती कड. लहान चकतीवर पडलेल्या नाण्याचा धातू दाबाखाली पसरतो, पण कड्यापर्यंत पोहोचत नाही किंवा एकाच बाजूला पोहोचतो. त्यामुळे एरवी कडेवर असणाऱ्या उभ्या खाचा येथे नसतात किंवा अर्धवट असतात. काठालगतची अक्षरे अपुरी असतात. परंतु ती कापल्यासारखी तुटत नाहीत, बाहेरच्या दिशेने ताणली जाऊन विरत जातात. पृष्ठभागावर केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहरेषा असतात आणि नाणे दिव्याखाली फिरवले की झळाळीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो.

याच्या नकला साध्या नाण्याची कड कापून किंवा कानशीने घासून केल्या जातात. त्यांत अक्षरे सपाट रेषेत छाटलेली दिसतात, कडेवर हत्याराच्या समांतर रेघा असतात आणि वजन कोणत्याच ज्ञात चकतीशी जुळत नाही. आम्लात ठेवलेले नाणे बारीक आणि पातळ होते, मात्र सर्वत्र सारखेच झिजते. त्याचा पृष्ठभाग भुरा, छिद्रिल दिसतो आणि अक्षरे कृश होतात. मुलाम्यासाठी कडेवरच्या एखाद्या जुन्या खरचट्याकडे पाहावे. थर फाटलेला असेल तेथे आतला धातू वेगळ्या रंगाने डोकावतो. मात्र खात्री करण्यासाठी स्वतः नवा ओरखडा काढू नये. नाणे अस्सल निघाले, तर त्या ओरखड्याची किंमत मोजावी लागते.

अमेरिकेत १९६५ मध्ये दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतून चांदी गेली आणि तांब्याच्या गाभ्यावर क्युप्रोनिकेलचे थर असलेली नाणी आली. तेथील १९६४-६५ ची संक्रमण-नाणी कडेवरूनच पहिल्यांदा ओळखली जातात : नव्या नाण्याच्या कडेवर तांबडी रेघ दिसते, चांदीच्या नाण्यावर नाही. त्यानंतर वजनाने शिक्कामोर्तब करायचे. चांदीचा पाव डॉलर ६.२५ ग्रॅमचा, थरांचा ५.६७ ग्रॅमचा.

आधीच छापलेल्या नाण्यावर दुसऱ्या मूल्याचा ठसा पडल्याचीही उदाहरणे आहेत. दहा सेंटच्या तयार नाण्यावर एक सेंटचा ठसा पडला, की अमेरिकी संग्राहक त्याला गमतीने अकरा सेंटचे नाणे म्हणतात. अशा नाण्यात खालच्या चित्राचे अवशेष वरच्या चित्राखाली दबलेले दिसले पाहिजेत. ते वर उठून दिसत असतील, तर दोन नाणी शिकंज्यात आवळून केलेली ती करामत असते.

भारतीय नाण्यांपुढील अडचण

भारतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे टाकसाळी आहेत आणि गेल्या तीन-चार दशकांत नाण्यांचे आकार व धातू वारंवार बदलले आहेत. संक्रमणाच्या चुका होण्यास ही अनुकूल भूमी असली, तरी त्या ओळखण्यात एक अडचण आहे. पन्नास पैसे, एक रुपया आणि दोन रुपये ही अलीकडची नाणी एकाच प्रकारच्या, फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत. चकती चुकली तरी धातू चुकत नाही. चुंबक सर्वांनाच चिकटतो आणि क्ष-किरणही एकच उत्तर देतात. येथे वजन, व्यास आणि कड यांवरच भिस्त ठेवावी लागते.

१९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २००५ नंतरचा स्टीलचा दोन रुपयांचा गोल शिक्का त्याहून मोठा, सुमारे २७ मिलिमीटरचा होता. २०११ च्या मालिकेत सगळी नाणी एक-एक पायरी खाली उतरली : दोन रुपयांना जुन्या रुपयाचा २५ मिलिमीटरचा आकार आणि ४.८५ ग्रॅम वजन मिळाले, तर रुपया जुन्या पन्नास पैशांच्या २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमवर आला. याचा अर्थ असा, की २०११ पूर्वीच्या घडणीचा दोन रुपयांचा ठसा ४.८५ ग्रॅमच्या चकतीवर, अपुऱ्या काठासह उमटलेला असेल तर ती विचारात घेण्याजोगी चूक आहे. २०११ नंतरच्या घडणीचे दोन रुपये तेवढ्याच वजनाचे भरले, तर ते बाजारातले साधे नाणे आहे. 'माझे दोन रुपयांचे नाणे लहान आहे' म्हणून हर्षभरित होणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती ही नवी मालिकाच असते.

पाच रुपयांच्या नाण्यात चित्र निराळे आहे. क्युप्रोनिकेलचे जाड नाणे ९ ग्रॅमचे, त्यानंतरचे स्टीलचे ६ ग्रॅमचे आणि २००९ पासूनचे निकेल-पितळेचेही ६ ग्रॅमचे. व्यास तिन्हींचा २३ मिलिमीटर. पहिल्या दोघांतील फरक तराजू सांगतो. नंतरच्या दोघांपुढे तराजू गप्प राहतो, तेथे चुंबक बोलतो. स्टील चिकटते, निकेल-पितळ चिकटत नाही. बदलाच्या वर्षांत कोणता धातू अधिकृत होता, हे राजपत्रातील अधिसूचनेवरून पडताळल्याशिवाय अशा नाण्याला चूक म्हणू नये.

दहा रुपयांच्या दुधातूच्या नाण्याचे मधले वर्तुळ आणि बाहेरचे कडे वेगवेगळ्या धातूंचे असते. मधला भाग नसलेले कडे 'टाकसाळीची चूक' म्हणून विकले जाते. ठसा पडण्यापूर्वीच मधला भाग गळालेला असेल, तर दाबाखाली कड्याचा धातू आतल्या मोकळ्या जागेत थोडा ओघळतो आणि भोकाची कड वेडीवाकडी होते. भोक तासून काढल्यासारखे स्वच्छ असेल आणि आतल्या भिंतीवर दोन्ही भाग एकमेकांत अडकल्याच्या खुणा शाबूत असतील, तर मधला भाग मागाहून ठोकून काढलेला आहे. कायद्याच्या दृष्टीनेही हा खेळ नव्हे. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार चलनी नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे.

प्रमाणपत्र काय सांगते आणि काय नाही

वजन, धातू आणि कड या तिन्हींतून पार पडलेले नाणेही नकली ठशांनी पाडलेले असू शकते. योग्य धातूची चकती मिळवणे अवघड नाही. साध्या नाण्याचे चित्र पुसून त्यावर खोटा ठसा मारणारेही आहेत. येथून पुढचे काम तज्ज्ञाचे. प्रत्येक ठशाला वापरात सूक्ष्म ओरखडे, तडे, झीज येते आणि त्या खुणा त्याने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर उतरतात. संशयित नाण्यावरील खुणा त्याच वर्षीच्या निर्विवाद साध्या नाण्यांशी जुळल्या, तर ठसा अस्सल असल्याचे सिद्ध होते. म्हणूनच दुर्मीळ नाण्याचा अभ्यास करणाऱ्याने त्याच वर्षाची सामान्य नाणी आधी गोळा करावी.

अमेरिकेतील पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणी तपासून क्रमांकित प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात. अर्थात नकली नाण्याबरोबर नकली डबीही बनते. डबीवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथे छायाचित्र उपलब्ध असल्यास ते हातातील नाण्याशी ताडून पाहावे. क्रमांक खरा असून नाणे निराळे असण्याचे प्रकार घडतात. भारतीय नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय ही महाराष्ट्रातील जवळची ठिकाणे आहेत. संग्रहालय नाण्यांची किंमत करून देत नाही, पण प्रमाण नमुने डोळ्यांखालून घालण्यास त्याचा उपयोग होतो.

तपासणीला एक मर्यादा कायमची आहे. अस्सल ठसा अस्सल चकतीवर पडला, एवढेच ती सांगू शकते. ती चकती यंत्रात चुकून पडली की टाकसाळीतील कोणी मुद्दाम टाकली, हे धातू सांगत नाही. डेन्व्हरचा तो एकमेव तांब्याचा सेंटही तेथील कर्मचाऱ्याने हेतुपुरस्सर पाडल्याचे मानले जाते. तरीही त्याची किंमत कमी झाली नाही, ही बाजाराची रीत. काटेकोर अभ्यासकाने मात्र अशा नाण्याला चूक म्हणताना हात आखडता घ्यावा.

भारतात या क्षेत्रातील सर्वांत मोठी फसवणूक नाण्याच्या धातूत नसून व्यवहारात असते. जुन्या किंवा चुकीच्या नाण्याला लाखो रुपये देऊ, असे सांगून आधी कर, दलाली वा नोंदणी शुल्काच्या नावाने पैसे उकळले जातात, आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्हही वापरले जाते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून आपण अशा खरेदी-विक्रीत नसल्याचे आणि त्यासाठी कोणतेही शुल्क आकारत नसल्याचे स्पष्ट केले. विकणाऱ्याकडूनच आगाऊ रक्कम मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतो.

हाती खरोखरच संशयास्पद नाणे आले, तर ते धुऊ वा घासू नये. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांनी उजळलेल्या नाण्यावरील प्रवाहरेषा आणि झळाळी नाहीशी होते आणि तज्ज्ञाच्या हाती उरलेला पुरावाच पुसला जातो. नाणे कडेने धरावे, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवावे आणि कोठे, केव्हा, कोणत्या चिल्लरीत मिळाले याची तारखेसह नोंद करावी. दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचे वजन, व्यास, चुंबकाचा परिणाम आणि त्याच वर्षाच्या साध्या नाण्याची हीच सगळी मापे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून तज्ज्ञाकडे पाठवावीत. बहुतेक नाण्यांचा निकाल हा कागद भरतानाच लागतो आणि टपालखर्च वाचतो.